सासर वगळून

३ नोव्हें., सोम.
गळ्यात ओळखपत्र! फोटोत माझे डोळे मिटलेले आलेत, पण असू दे. पंचावन्नाव्या वर्षी गळ्यात मंगळसूत्राशिवाय दुसरं काही पडलं, हेच खूप.

हे म्हणाले, "म्हणजे नक्की काय करणार तू तिथे?" म्हटलं, इतकी वर्षं पुनावळ्यात वधूवर केंद्र चालवून जे केलं तेच. कोण कोणाचं कोण, ते विचारायचं. फक्त शेवटी लग्न लागणार नाही. हे खो खो हसले. मग नीट सांगितलं. रुग्णालयात दर गुरुवारी अदिती मॅडम बसतात. ज्या बायकांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालाय, त्यांच्या घराण्यातून तो आलाय का, पुढे मुलीबाळींना धोका आहे का, रक्ताची तपासणी करावी का, हे त्या समजावतात. त्या भेटीआधी बाईला तयार करायची, ते माझं काम. घरात कोणाला काय झालं, साधारण कितव्या वर्षी, हे आठवून ठेवायला लावायचं. आणि तिच्या पोटातली भीती जरा कमी करायची.

केंद्र बंद केल्यापासून घरात नुसती गंजत होते. मुलंमुली आता मोबाइलवरच जमवतात, मी कोणाला हवी? आज बसमधून उतरताना पाय जमिनीवर नव्हते.

६ नोव्हें., गुरु.
पहिली गुरुवारची ओपीडी. आणि पहिल्याच दिवशी फजिती!

भोसरीहून एक बाई आलेल्या, मूळच्या लातूरकडच्या. मी विचारलं, "घरात कोणाकोणाला कॅन्सर?" बाईंनी धडाधड सांगितलं. मोठी जाऊ, चुलत सासरे, नणंदेची सासू सुद्धा. मी झकास तक्ता काढला, खाडाखोड नाही. अदिती मॅडमनी (इथून पुढे अ.मॅ., हात दुखतो) तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, ही सगळी त्यांच्या मिस्टरांकडची माणसं आहेत. यांच्या रक्ताचं यात एकही नाही."

बाईंना म्हटलं, अहो, तुमच्या आईचं, बहिणींचं काय? त्या म्हणाल्या, "तुम्ही आमच्या घरातलं इचारलं ना? ते तर माहेर झालं."

हात्तिच्या! बरोबरच आहे की. लग्न झालं की आपलं घर कुठलं, हे आपल्याला किती ठोकून ठोकून शिकवलेलं असतं. अ.मॅ. आधी गंभीर राहिल्या, मग त्यांनाही हसू फुटलं. वय एकोणतीस, पण हसताना बारावीतली पोर दिसते.

लगेच जाड स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहून माझ्या टेबलामागच्या भिंतीवर चिकटवलं: फक्त माहेर. सासर वगळा. आता बघते कोण चुकतं ते.

१० नोव्हें., सोम.
बायकांना चौकोन-गोल कळत नाहीत. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, असं सांगितलं की मान डोलावतात आणि डोळ्यांत काहीच नसतं. म्हणून आज नवी युक्ती. बायकांसाठी टिकल्या, पुरुषांसाठी केंद्रातल्या जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोनी तुकडे. ज्याला आजार झाला त्याची टिकली लाल. बाई स्वतःच्या हाताने चिकटवते आणि चिकटवता चिकटवता बोलत सुटते!

एकच अडचण. एका आजींनी हात मागे घेतला. "आमची थोरली बहीण विधवा होती गं. तिला कशी टिकली लावू?" संध्याकाळी रंगीत बटणांचं पाकीट आणलं. बटणाला कसलंच सोयरसुतक नाही.

आणखी एक गंमत. सगळ्यांना वाटतं हे आईकडूनच येतं. अ.मॅ. सांगून सांगून थकतात, बापाकडूनही तितकंच येऊ शकतं. मी घरी सांगितलं तर हे म्हणाले, "चला, कशात तरी आमचा निम्मा वाटा आहे!"

१३ नोव्हें., गुरु.
चऱ्होलीच्या सुनंदाबाई. वय त्रेपन्न. गेल्या वर्षी डाव्या बाजूचं ऑपरेशन, मग केमो. केस आता बोटभर आलेत. म्हणाल्या, "हिरॉइनसारकी दिसती का न्हाई?" दिसतात! मला एकदम आवडल्या. अ.मॅ.ची भेट पुढच्या गुरुवारी, आज माझ्याकडे तयारी.

नवरा बाळासाहेब चाकणच्या कंपनीत, निवृत्तीला आलेले. गाडी घेऊन आले आणि खाली पार्किंगमध्येच बसून राहिले. वर या म्हणून निरोप दिला तर उलटा निरोप आला, "बायकांचं काय आसंल ते बायकांनी बगावं."

सुनंदाबाईंचा प्रश्न एकच. "पूजीला व्हईल का?" पूजी म्हणजे त्यांची पूजा, सव्वीस वर्षांची, तीही चाकणलाच एका कंपनीच्या क्वालिटी खात्यात नोकरीला. आणि मग हळूच दुसरं बोलल्या. चाकणला त्यांची नणंद असते, शकुंतला. ती चारचौघांत म्हणते, "माहेराहून आजार आणला न् आमच्या पोरीच्या रगतात कालवला." अशी जीभ! मला इतका राग आला की बटणांचं पाकीट सांडलं. म्हटलं, बाई, आजार काय रुखवतात येतो का?

त्या सासूबाईंबद्दल काही सांगायला लागल्या होत्या. मी भिंतीकडे बोट केलं. सासर नको, माहेर सांगा. मग पटापट झालं. आई अजून शेतात जाते. मावश्या ठणठणीत. वडील हृदयविकाराने गेले. चुलते दोन, दोघेही धडधाकट. आणखी कोणी? "आनखी मंग सासरचंच." म्हटलं, ते राहू द्या.

इतका स्वच्छ तक्ता, एकच लाल बटण, त्यांचं स्वतःचं. जाताना माझा हात दाबून म्हणाल्या, "तुमी लई सोपं करून सांगता."

२० नोव्हें., गुरु.
सुनंदाबाईंची भेट झाली. मी कोपऱ्यात बसले होते. अ.मॅ. छान बोलल्या. या तक्त्यावरून घराण्यातून आल्याची खूण फारशी दिसत नाही. बहुतेकांना होतो तो असाच, कुठून आला ते सांगता येत नाही असा. तपासणी करायला मनाई नाही, पण सक्तीही नाही, घरी विचार करा. नियमित दाखवत राहा. घरातलं नवीन काही कळलं तर मात्र परत या.

चांगली बातमी की! पण बाईंचा चेहरा पडला. "म्हंजी कुटनं आलं ते न्हाईच कळायचं? मंग तपासून तरी काय?" असं म्हणून उठल्या आणि पदर खोचत निघून गेल्या. काही तरी राहून गेल्यासारखं वाटतंय. बाकी दिवस छान.

२४ नोव्हें., सोम.
बापरे बापरे बापरे.

दुपारी दापोडीला मुमताजकडे गेले होते, अ.मॅ.च्या भेटीआधीच्या तयारीसाठी. नवऱ्याचं गॅरेज, वर घर, खाली सतत ठोकाठोकी. तिच्या आईला आणि एका मावशीला स्तनाचा कॅन्सर झालेला, ती स्वतः अजून धट्टीकट्टी, भीतीने मात्र अर्धी झालेली. मी नेहमीची टेप लावली, माहेर सांगा, सासर वगळा. मुमताज हसायलाच लागली. "कैसे वगळू ताई? माझी सास माझी सगी खाला आहे. मायका न् ससुराल एकाच चुलीवर शिजतंय आमचं!"

मीही हसले. ज्या मावशीला झालं होतं ती हीच का? हीच! बरं झालं, लाल बटण लावलं, चहा प्यायले, बसस्टॉपवर आले. आणि तिथे उभ्या उभ्या डोक्यात वीज पडली.

अगं शहाणे, आपल्यातही होतंच की! मामाची पोरगी आत्याच्या घरी सून म्हणून जाते. मी स्वतः किती लग्नं अशी जमवलीत! "घरातली पोर असताना बाहेर कशाला बघता," हे माझंच वाक्य, केंद्रात रोज म्हणायचे मी. आणि सुनंदाबाईंना मी वडिलांच्या बहिणी विचारल्याच नाहीत. चुलते विचारले. "आणखी कोणी" म्हटलं तर त्या म्हणाल्या सासरचं, आणि मी म्हटलं राहू द्या.

राहू द्या म्हणे! फोन लावला, उचलत नाहीत. उद्या सकाळी चऱ्होली.

२५ नोव्हें., मंगळ.
गेले. गावठाणातलं घर, चहूबाजूंनी टॉवर उठलेत, मध्ये यांचा गोठा. सुनंदाबाई शेण काढत होत्या. मी धड नमस्कारही केला नाही. उभ्या उभ्या विचारलं, "तुमच्या सासूबाई तुमच्या कोण?"

"कोन म्हंजी? माझ्या बाची सख्खी भन. लगीन पाळन्यातच ठरल्यालं आमचं."

"कशाने गेल्या?"

त्यांनी आधी आत-बाहेर पाहिलं. मग म्हणाल्या, "पोटात पानी झालं व्हतं. अंड्याच्या पिशवीत गाठ. कॅन्सरच त्यो. मीच केलं समदं त्यांचं."

म्हटलं, अहो बाई, मग हे सांगितलं का नाही? आणि सुनंदाबाई माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाल्या, "सांगतच व्हते की. तुमीच म्हनला, सासर वगळा."

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं. त्यांनी पाणी आणलं, गूळ आणला. मला समजावत होत्या, ही तऱ्हा!

मग खरी गोष्ट निघाली. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा शकुंतलाला आठवा महिना लागला होता. बाळासाहेबांनी ठरवलं, बहिणीला कॅन्सर म्हणून सांगायचं नाही, पोटात पाणी झालंय एवढंच. बाळंतपण झालं, सासूबाई गेल्या, आणि मग ते सांगायचं राहिलं ते राहिलंच. "शकूताईंला आजून ठावं न्हाई," म्हणाल्या.

म्हणजे ती नणंद यांना इतके दिवस माहेरचा आजार माहेरचा आजार म्हणून घालून पाडून बोलतेय, आणि आजार तिच्या सख्ख्या आईलाच होता! आणि यांनी एकदाही तोंड उघडलं नाही! मी म्हटलं, तुम्ही बाई आहात का दगड? "आवो, शब्द दिल्याला न्हवऱ्याला," एवढंच.

आणि म्हणजेच, हे मला परत येताना रिक्षात कळलं, ज्या आईच्या पोटी शकुंतला जन्मली त्या आईला हा आजार होता. धोका तर तिलाही आहे. आणि तिला त्याचा पत्ताच नाही.

२७ नोव्हें., गुरु.
सकाळी सगळ्यांत आधी भिंतीवरचा कागद टराटरा फाडला. नवा लावला: तुमच्या रक्ताचं कोण? दोन्हीकडचं सांगा. लग्न नात्यात झालंय का?

अ.मॅ.ना सगळं सांगितलं. म्हटलं, चूक माझी, काय बोलायचं ते बोला. त्या खुर्चीतून उठल्याच. "ताई! आत्याला अंडाशयाचा! चित्रच बदललं हो सगळं!" आणि मला मिठी. भर ओपीडीत. नर्स बघत राहिल्या.

सुनंदाबाई, पूजा दोघी आल्या. आता अ.मॅ. स्पष्ट म्हणाल्या, तपासणी करायला हवी. आधी ज्यांना आजार झालाय त्यांची, म्हणजे सुनंदाबाईंची. त्यात काही सापडलं तर मग घरातल्या बाकीच्यांना नेमकं तेच शोधून सांगता येतं. पूजाने विचारलं, म्हणजे भविष्य कळणार का? मी मध्येच तोंड घातलं, पत्रिका नाही गं बाई, हवामानाचा अंदाज. पाऊस येईलच असं नाही, पण छत्री कुठे ठेवायची ते कळतं. अ.मॅ.नी ते लिहून घेतलं! माझं वाक्य!

सुईला सुनंदाबाई घाबरल्या नाहीत. "केमो खाल्ल्याली बाई मी, हिला काय भिती?"

बाळासाहेब आजही पार्किंगमध्ये.

८ डिसें., सोम.
अहवाल यायला वेळ आहे. पण आता प्रत्येक बाईला विचारते, लग्न नात्यात का? आणि काय काय निघतंय! आज दोन जणी निघाल्या, एक मामाच्या मुलाला दिलेली, एक आत्याच्या घरातली. माझ्या केंद्राच्या वेळी हाच प्रश्न मी गोत्र-देवक जुळवायला विचारायचे. आता कशाला विचारतेय बघा. ह्यांना म्हटलं, मी जन्मभर चुकीच्या नोकरीत होते. हे म्हणाले, "माझ्याशी लग्न झालं तेही त्याच खात्यात टाक." चावट.

१८ डिसें., गुरु.
अहवाल आला. सापडलं. जनुकात बिघाड आहे.

अ.मॅ. खूप सावकाश बोलल्या. बिघाड आहे याचा अर्थ पुन्हा होणारच असा नाही, पण दुसऱ्या बाजूला आणि अंडाशयाला धोका जास्त. काय काय करता येतं ते सगळं सांगितलं, घाई काही नाही. सुनंदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी माझ्या बाकडनं आलं. आन् आत्याकडं बी त्योच." दाट शक्यता तीच, अ.मॅ. म्हणाल्या. सुनंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं नव्हतं ते, मी शपथेवर सांगते. इतके दिवस जो दोष एकटीच्या अंगावर घेतला होता, तो उतरला.

मग अ.मॅ. म्हणाल्या, सासूबाईंना बिघाड असेल तर मिस्टरांनाही असू शकतो. पुरुषांमध्येही असतो, मुलांकडे जातो. बोलवा त्यांना.

मी स्वतः पार्किंगमध्ये गेले. काचेवर टकटक. "चला." "मी? म्या काय करू तितं? गडी मानूस." म्हटलं, आई होती ना तुम्हाला? गडी माणसांना पण आईच असते. चला. आले हो! चपला दाराबाहेर काढून आत आले, रुग्णालयात! अ.मॅ.चं सगळं ऐकून घेतलं. मग बाही वर केली, "घ्या." आणि बहिणीचं? अ.मॅ.नी विचारलं. तर खाली मान. "तिला काय सांगू मॅडम? इतक्या वर्सांनी?"

शकुंतलाबाईंचं वय आता एकोणपन्नास. अजून काही झालेलं नाही. अ.मॅ. म्हणाल्या, झालेलं नाही हीच तर वेळ आहे.

पूजा म्हणाली, माझं मी फेब्रुवारीत ठरवणार, मला कोणी ढकलू नका. शाब्बास पोरी.

५ जाने., सोम.
बाळासाहेबांनी बहिणीला अजून सांगितलेलं नाही. आधी म्हणे वर्षअखेरची शिफ्ट. मग भाच्याची परीक्षा. आता म्हणे संक्रांत जाऊ दे. मी फोनवर खडसावलं, तुमची संक्रांत जाईल हो, पण आजार काय पंचांग बघून येतो? सुनंदाबाईंनी फोन काढून घेतला. "ताई, हळदीकुंकवाला या. शकूताई बी येनार हायेत. तवा सांगतील ह्ये."

जाणार! धास्ती आणि उत्साह दोन्ही. लग्नाच्या बैठकीआधी असंच व्हायचं मला.

१७ जाने., शनि.
चऱ्होलीचं हळदीकुंकू. अंगणात बायकाच बायका, टॉवरमधल्या पंजाबी ड्रेसवाल्याही आल्या होत्या. शकुंतलाबाई उंच, नाकी डोळी नीटस, आणि आवाज! आल्या आल्या वहिनीला म्हणाल्या, "क्येस वाढलं म्हनायचं येकदाचं." मी मनात, थांब तू.

ठरलं होतं असं, बाळासाहेब बहिणीला आत बोलावणार. तर बाळासाहेब गायब! गजरे आणायला म्हणून गेले ते गेलेच. धन्य ते गडी माणूस! सुनंदाबाईंनी वाट पाहिली, पाहिली, आणि मग हातातलं तिळगुळाचं ताट माझ्याकडे दिलं. "शकूताई, जरा आत या. तुमी बी या ताई."

स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलं. गोल गोल काही नाही. "आत्याला कॅन्सर व्हता. अंड्याच्या पिशवीचा. तुमाला सातवा सरून आठवा लागल्याला, म्हनून सांगिटलं न्हाई. मला जे झालं ते माझ्या बाकडनं आलं, आन् त्येच आत्याला. तुमाला बी आसंल न्हाईतर नसंल. तपासा."

मला वाटलं आता ही बाई किंचाळणार. काही नाही. मग म्हणाली, "मला पोटात पानी सांगिटलं. मी आईला लिंबाचं सरबत धाडायचे पोटासाटी." आणि मग भडकली. तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलं, आईला शेवटचं नीट भेटू दिलं नाही, मी काय परकी होते? ते सगळं खरंच होतं. सुनंदाबाई एक शब्द उलटून बोलल्या नाहीत. शकुंतलाबाई वाण न घेताच निघून गेल्या. दारात बाळासाहेब गजऱ्यांची पुडी घेऊन उभे. त्यांना बहिणीने जे सुनावलं, ते अख्ख्या अंगणाने ऐकलं. चांगलंच झालं.

मी सुनंदाबाईंना म्हटलं, एवढं ऐकून घेतलंत, कशाला? म्हणाल्या, "आई गेली तिची. आन् मला येळ होता रडायला, तिला कुनी दिलाच न्हाई."

२२ जाने., गुरु.
बाळासाहेबांचा अहवाल आला. त्यांच्यात बिघाड नाही! ते इतके हसले की दात मोजून घेता आले असते. पूजाला त्यांच्याकडून तरी नाही, एक रस्ता बंद झाला. मुमताजचंही आज नीट पार पडलं, तिच्या आईची तपासणी आता होणार. ओपीडीत पेढे वाटले.

पण मग बाळासाहेब म्हणाले, "शकूला कळवलं, मला न्हाई म्हून. ती म्हनली, मंग मला बी नसंल, कशाला येऊ?" अ.मॅ.नी कपाळाला हात लावला. भावाला नाही म्हणून बहिणीला नाही, असं नसतं. डावात पत्ते वाटतात ना, तसे दोघांना आईकडून वेगवेगळे पत्ते मिळतात. मीच तिला फोन केला. उचलला. मी सगळं सांगितलं, पत्त्यांचंही. तिकडून नुसतं "हं." मग, "बगते." मग खट.

बघते म्हणजे काय? लग्न जमवताना 'बघतो' म्हणजे नकार असायचा.

२८ जाने., बुध.
आज काही नाही. तिचा फोन नाही. केला नाही मीही. अ.मॅ. म्हणाल्या, ताई, माहिती देणं आपलं काम, ठरवणं त्यांचं. माहितीय मला. तरी दिवसभर चिडचिड. ह्यांच्यावर दोनदा ओरडले. भाजीत मीठ दोनदा.

२९ जाने., गुरु.
आली! आली! आली!

साडेदहाला मान वर केली तर दारात शकुंतलाबाई. आणि शेजारी कोण? सुनंदाबाई! चाकणहून बसने चऱ्होलीला उतरून वहिनीला घेऊन आली म्हणे. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. बटणांचं पाकीट काढलं.

शकुंतलाबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तपासनी करीनच आसं न्हाई हां. आधी ऐकून घिते."

म्हटलं, ऐकायलाच तर बोलावलंय. आता सांगा, तुमच्या रक्ताच्या माणसांत आजार कोणाला झाला?

त्यांनी लाल बटण उचललं. "आईला." ठेवलं. अंगठ्याने जरा दाबून धरलं. मी वाट पाहिली. मग त्यांनी दुसरं लाल बटण उचललं. सुनंदाबाई पटकन म्हणाल्या, "माझं नगं ठिवू, मी सासरची."

शकुंतलाबाईंनी वहिनीकडे पाहिलं. बरीच वर्षं झाली असतील असं बघून. मग बटण ठेवलं, आईच्याच खाली जरा बाजूला, आणि मला म्हणाल्या, "लिवा. माझी मामेबहीन. सख्ख्या मामाची लेक."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

अ.मॅ.नी आतून हाक मारली. शकुंतलाबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, थांबल्या. "ही आत आली तर चालंल का?" चालतं, म्हटलं. दोघी आत गेल्या. दार लागलं.

पाऊण तास होऊन गेला. अजून आतच आहेत. मी हे इथेच, टेबलाशी बसून लिहितेय. बाहेर पुढची बाई बसलीय, तिला बोलवायला हवं.